पोराला कॉम्प्युटरला घालताय? आधी घरचा हिशेब मांडा

बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागला की अमरावती-अकोल्याकडच्या गावांतून एकच चर्चा सुरू होते. पारावर, एस.टी.च्या थांब्यावर, कृषी केंद्राच्या बाकावर जो तो एकमेकांना विचारतो, "भाऊ, पोराले कोन्त्या लाइनले टाकून राह्यले?" उत्तर बहुधा ठरलेले असते. "टाकतो कॉम्प्युटरले. बाकी कशात राह्यलं काय?"

हे दिवस पेरणीचेही असतात. बियाण्याच्या थैल्या, खताची पोती आणि कॉलेजचा पहिला हप्ता हे सारे एकाच महिन्यात अंगावर येते. हाती असलेल्या पैशातून वावर पेरायचे की पोराचे भवितव्य, असा प्रश्न पडतो. मग कोणी सोसायटीच्या कर्जातले पैसे तिकडे वळवतो, कोणी सोने गहाण ठेवतो, कोणी रस्त्याकाठचा एकर-दोन एकराचा तुकडा विकायला काढतो. पोरगा चार वर्षांत पुण्याला लागेल आणि सारे फिटेल, एवढ्या एका भरवशावर हे सर्व चाललेले असते.

तो भरवसा आज किती खरा आहे, हे नीट तपासून पाहण्याची वेळ आली आहे. कॉम्प्युटरचे शिक्षण वाईट आहे असे येथे मुळीच म्हणायचे नाही. परंतु वीस वर्षांपूर्वी या पिकाला जो खात्रीचा भाव होता, तो आता राहिलेला नाही. आता या पिकालाही जमीन पाहावी लागते, वाण निवडावे लागते आणि डवरणी-निंदण वेळेवर करावे लागते.

प्रोग्रामर करतो तरी काय?

कॉम्प्युटर हे यंत्र स्वतः विचार करीत नाही. त्याला एकेक पायरी सांगावी लागते. नवख्या सालदाराला आपण सांगतो, "मोटर सुरू कर, पाणी पहिल्या वाफ्यात सोड, वाफा भरला की दुसऱ्यात वळव, वीज गेली तर स्टार्टर बंद करून ठेव." अशाच सूचना यंत्राला कळतील अशा भाषेत लिहून काढणे म्हणजे प्रोग्राम लिहिणे. त्या सूचना लिहिणारा तो प्रोग्रामर, आणि त्या सूचनांच्या संचाला सॉफ्टवेअर म्हणतात.

हे काम आपल्यापासून दूर नाही. मोबाइलवर निघणारा डिजिटल सहीचा सातबारा, २०२१ पासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी, २०२५ च्या हंगामात सीसीआयला कापूस देण्यासाठी नोंदणी करावी लागलेले 'कपास किसान' ॲप, बँकेतून येणारा संदेश, ही सारी प्रोग्रामरच्या हातची कामे होत. ॲप मध्येच बंद पडले, गट नंबर दिसेना, फोटो चढेना, की सूचना लिहिताना कोठे चूक झाली असावी हे आपल्यालाही कळते.

वऱ्हाडाचा या धंद्याशी जुना संबंध

संगणक ही पुण्या-मुंबईची मिरास आहे असे समजण्याचे कारण नाही. १९८० च्या दशकात भारताला अमेरिकेकडून महासंगणक हवा होता आणि तो देण्यास अमेरिकेने खळखळ केली. तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली आणि १९९१ साली तिने 'परम ८०००' हा देशी महासंगणक तयार केला. या कामाचे नेतृत्व करणारे डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंबा गावचे. खेड्यात जन्मलेला, नागपूरच्या सरकारी कॉलेजातून इंजिनिअर झालेला हा मनुष्य देशाच्या संगणकशास्त्रात एवढा वर गेला, ही वऱ्हाडाने अभिमान बाळगावी अशीच गोष्ट आहे.

शिक्षणाची सोयही येथे लवकर झाली. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ सालचे. पुढे १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदान कॉलेजांना परवानगी मिळाली. त्याच वर्षी बडनेऱ्याला, अकोल्याजवळ बाभुळगावला आणि शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यात शेगावला अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली. अमरावती विद्यापीठही १९८३ चेच. जी मुले पूर्वी नागपूरला खोली करून राहण्याच्या विचारानेच माघार घेत, ती गावाहून एस.टी.चा पास काढून इंजिनिअर होऊ लागली. हा फार मोठा फरक होता.

सुगीचा काळ

आपल्या देशात हा व्यवसाय सुरू झाला तो थोडक्या माणसांवर. टीसीएस ही कंपनी १९६८ ची. इन्फोसिस १९८१ साली पुण्यात सात जणांनी दहा हजार रुपयांच्या भांडवलावर काढली. १९९१ साली आर्थिक धोरण बदलले, परदेशाशी व्यवहार सोपे झाले, आणि अमेरिका-युरोपातील बँका, विमा कंपन्या, दुकाने आपली कॉम्प्युटरची कामे भारतात पाठवू लागल्या. तेच काम येथे कितीतरी कमी पैशात होत होते, हे त्यामागचे साधे कारण.

त्यातच २००० साल जवळ आले. जुन्या प्रोग्रामांत जागा वाचवण्यासाठी साल दोनच आकड्यांत लिहिलेले असे, १९७५ ऐवजी नुसते ७५. १९९९ नंतर '००' आले की यंत्राने ते १९०० समजायचे, असा घोटाळा जगभर होणार होता. लाखो ओळी तपासून दुरुस्त करायच्या होत्या. हे काम भारतीय प्रोग्रामरांच्या वाट्याला आले आणि त्यांचे नाव जगभर झाले.

मग पुण्यात हिंजवडी उभी राहिली. कॉलेजात कंपन्या येऊन मुले निवडू लागल्या. कॉम्प्युटरच काय, मेकॅनिकल, सिव्हिल, इलेक्ट्रिकल झालेली मुलेही कंपन्यांनी घेतली आणि आपल्याच खर्चाने तीन-चार महिने शिकवून कामाला लावली. मुलाला इंग्रजी बरे येते आणि गणित जमते, एवढे त्यांना पुरत असे. गावात स्लॅबचे घर कोणाचे झाले, विहिरीवर नवी मोटर कोणाची बसली, बहिणीचे लग्न थाटात कोणी केले, तर ज्याचा पोरगा पुण्याला 'आयटी'त आहे त्याने. आजची आपली समजूत त्या काळात तयार झाली आहे.

मधूनमधून अवर्षणही पडले. २००१ साली अमेरिकेत इंटरनेट कंपन्यांचा फुगा फुटला. २००८ साली तेथील बँका बुडाल्या. दोन्ही वेळी भरती आटली आणि एक-दोन वर्षांत पुन्हा सुरू झाली. त्यामुळे पाऊस उशिरा का होईना, पण येतोच, असे सर्वांना वाटत राहिले.

शेवटची मोठी सुगी करोनाच्या साथीनंतर आली. साऱ्या जगाचे व्यवहार मोबाइलवर गेले आणि माणसांची मागणी एकदम वाढली. २०२१-२२ या एका वर्षात एकट्या टीसीएसने सुमारे एक लाख नवे पदवीधर घेतले. घरी परतलेली मुले गावातल्या खोलीत बसून, रेंजसाठी गच्चीवर जाऊन, परदेशातली कामे करीत होती, हे आपण डोळ्यांनी पाहिले.

पगार कापसाच्या भावात मोजा

आता एक हिशेब पाहू. २०१०-११ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ३,००० रुपये होता. त्या सुमारास मोठ्या कंपनीत लागणाऱ्या नव्या मुलाला वर्षाला तीन लाख रुपयांच्या आसपास पगार मिळे. म्हणजे त्याचा वर्षाचा पगार १०० क्विंटल कापसाएवढा होता.

२०२५-२६ च्या हंगामासाठी त्याच कापसाचा हमीभाव ८,११० रुपये ठरला. नव्या मुलाचा पगार मात्र बहुतेक मोठ्या कंपन्यांत साडेतीन लाखांच्या आसपासच रेंगाळला. म्हणजे त्या हमीभावाने तो पगार अवघ्या ४३ क्विंटल कापसाएवढा राहिला.

यावरून कापूस पिकवणारा श्रीमंत झाला असे कोणी समजू नये. बियाणे, खत, फवारणी, वेचणीची मजुरी सारेच वाढले आहे आणि हमीभाव प्रत्येकाच्या हातात पडतोच असे नाही. सांगायचे एवढेच की पंधरा वर्षांत पुण्यातले खोलीभाडे वाढले, मेसचे ताट वाढले, कॉलेजची फी वाढली, आणि सुरुवातीचा पगार जवळपास जागच्या जागी उभा राहिला. मुले जास्त आणि जागा कमी, तर भाव कोणाला मिळणार? तुरीची आवक वाढली की बाजार समितीत काय होते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

आवक वाढण्याचे एक कारण कॉलेजांतही आहे. एका शाखेत किती जागा असाव्यात यावर पूर्वी मर्यादा होती. २०२४-२५ पासून चांगल्या ठरलेल्या संस्थांसाठी ती मर्यादा एआयसीटीईने काढली. कॉम्प्युटरच्या जागा त्यामुळे आणखी वाढल्या. आता तर 'एआय', 'डेटा सायन्स' अशी निरनिराळी नावे लावून त्याच कुळातले वर्ग निघाले आहेत. पाकीट नवे आहे म्हणून आतले वाण वेगळे आहे असे धरून चालू नये. अभ्यासक्रम आणि शिकवणारे मास्तर पाहावेत.

ओहोटी कशी लागली

२०२२ नंतर अमेरिका-युरोपातील गिऱ्हाईक कंपन्यांनी खर्चाला हात आखडता घेतला. २०२३-२४ या वर्षात टीसीएसमधील माणसे १३ हजारांहून अधिक आणि इन्फोसिसमधील सुमारे २६ हजार कमी झाली. काही मुलांना नोकरीचे पत्र मिळाले, परंतु रुजू होण्यासाठी दोन-दोन वर्षे वाट पाहावी लागली. घरी पेढे वाटून झालेले, सोयरिकीची बोलणी सुरू झालेली, आणि कंपनीचे बोलावणे काही येत नाही, अशी कुचंबणा अनेक घरांनी सोसली.

जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले. त्यात प्रामुख्याने मधल्या आणि वरच्या फळीतली माणसे होती. म्हणजे एकदा चिकटला की निवृत्तीपर्यंत चिंता नाही, हेही खरे उरले नाही. पूर्वी हाती काम नसलेली मुले 'बेंच'वर बसवून पगार दिला जाई. २०२५ मध्ये त्याच कंपनीने वर्षाला ३५ दिवसांपेक्षा जास्त काळ असे बसता येणार नाही असा नियम केला.

परदेशाची वाटही महाग झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या भावाने सुमारे ८८ लाख रुपये शुल्क लावले. नुकत्याच लागलेल्या मुलासाठी कोणती कंपनी एवढे पैसे भरणार?

यंत्रच प्रोग्राम लिहू लागले

सर्वांत मोठा बदल एआयचा, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेचा आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांसमोर आले. काय हवे ते साध्या भाषेत सांगितले की असे यंत्र प्रोग्रामच्या ओळी लिहून देते. ऑक्टोबर २०२४ मध्ये गुगलचे प्रमुख सुंदर पिचाई यांनी सांगितले की त्यांच्याकडे नव्याने लिहिल्या जाणाऱ्या प्रोग्रामांपैकी पाव हिश्श्याहून अधिक भाग एआय लिहिते आणि इंजिनिअर तो तपासून स्वीकारतात.

याचा अर्थ आपल्या शेतातल्या उदाहरणाने लवकर कळेल. तणनाशक आले आणि निंदणाला लागणाऱ्या बायांचे काम कमी झाले. हार्वेस्टर आले आणि सोयाबीन सोंगणाऱ्या टोळ्यांचे काम घटले. शेती काही बंद पडली नाही, परंतु हातांची गरज कमी झाली. कोणते तणनाशक, कोणत्या पिकात, किती दिवसांनी मारायचे हे ज्याला कळते त्याला मात्र मान राहिला. चुकीचे औषध मारले तर तणाबरोबर पीकही जळते.

सॉफ्टवेअरमध्ये तसेच घडत आहे. नव्या मुलांना सुरुवातीला जी साधी कामे देत, म्हणजे ठरीव ओळी लिहिणे, छोट्या चुका शोधणे, तपासणीचे तक्ते भरणे, तीच कामे यंत्र आधी करू लागले. म्हणून पहिली पायरीच निसरडी झाली आहे. यंत्राने लिहिलेले बरोबर आहे की नाही हे पारखणारा, गिऱ्हाइकाची अडचण समजून घेणारा, बिघाड कोठे आहे हे हुडकून काढणारा माणूस मात्र लागतोच. पाठ करून पास झालेल्याला दिवस कठीण आहेत. ज्याला खरोखर येते त्याला काम आहे.

काम संपलेले नाही

एवढे वाचून कोणी घाबरून जाऊ नये. नॅसकॉम या व्यवसायाच्या संघटनेच्या हिशेबाने २०२४-२५ मध्ये या क्षेत्रात देशात सुमारे ५८ लाख लोक काम करीत होते. अनेक परदेशी कंपन्या आता मधला ठेकेदार न घेता भारतात स्वतःचीच कार्यालये उघडतात. २०२४ मध्ये अशी १,७०० हून अधिक कार्यालये होती. तेथे पगार बरा असतो, पण पारखूनच घेतात. नागपूरला मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल यांची केंद्रे आहेत. अमरावतीच्या मुलाला आता पुण्याला जाणे हाच एक मार्ग नाही.

शेतीतही काम निघत आहे. गावोगावच्या सेवा सहकारी सोसायट्यांचे व्यवहार संगणकावर नेण्याची योजना केंद्राने २०२२ साली मंजूर केली. शेतीत एआय वापरण्यासाठी राज्याने २०२५ साली वेगळे धोरण मंजूर केले. आता विचार करा. तुरीच्या तासात कपाशी कशी घेतात, खारपाणपट्ट्यातले पाणी पिकाला का चालत नाही, संत्र्याचा आंबिया बहार आणि मृग बहार यांत फरक काय, हे ज्याने लहानपणापासून पाहिले आहे तो मुलगा शेतकऱ्यासाठी ॲप लिहू लागला तर ते जास्त उपयोगी होणार नाही काय? शेतकऱ्याच्या पोराजवळचे हे ज्ञान म्हणजे भांडवलच आहे. त्याची लाज वाटण्याचे कारण नाही.

घरचा हिशेब

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. धरून चला की फी, खोली, जेवण, पुस्तके आणि लॅपटॉप मिळून वर्षाला दीड लाख लागतात. चार वर्षांचे सहा लाख झाले. २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावाने हे सुमारे ११२ क्विंटल सोयाबीन झाले. एकरी आठ क्विंटल धरले तर चौदा एकरांचे एका हंगामाचे सगळे पीक, तेही खर्च वजा न करता.

पुढे नोकरी लागली आणि साडेतीन लाखांचा पगार झाला, तर कपात होऊन महिन्याला पंचवीस हजारांच्या आसपास हातात येतील. पुण्यात चौघांत खोली, मेस, बस आणि किरकोळ मिळून तेरा-चौदा हजार गेले असे समजा. पाच लाखांचे शैक्षणिक कर्ज दहा टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडायचे तर हप्ता महिना साडेसहा हजारांच्या वर जातो, आणि शिकत असताना साचलेले व्याज वेगळे. उरले चार-पाच हजार. म्हणजे पहिली दोन-तीन वर्षे मुलगा घरी पैसे पाठवील अशी आशा धरू नये. तो स्वतःच्या पायावर उभा राहिला तरी पुष्कळ झाले.

यावरून पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट, या शिक्षणासाठी वावर विकू नये. शैक्षणिक कर्ज मुलाच्या नावे असते आणि शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभराने हप्ते सुरू होतात. चार लाखांपर्यंतच्या कर्जाला बँक तारण मागत नाही. विकलेली जमीन मात्र परत येत नाही. सावकाराच्या दारात तर जाऊच नये.

दुसरी गोष्ट, सवलती सोडू नयेत. उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराज योजनेतून शिक्षण शुल्काचा अर्धा भार शासन उचलते. इतर मागासवर्गीयांनाही अशी सवलत आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी स्वतंत्र शिष्यवृत्ती आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना वसतिगृहाच्या खर्चासाठी निर्वाह भत्ता मिळतो. वऱ्हाडातल्या खेड्यापाड्यांत शिक्षण नेणाऱ्या डॉ. पंजाबराव देशमुखांचेच नाव त्या योजनेला दिलेले आहे. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. तेव्हा मुलीला गुण चांगले असतील तर पोरासाठी पैसा आणि पोरीसाठी लग्न, हा जुना विचार सोडून द्यावा.

मात्र या सवलती शासनाच्या प्रवेश फेरीतून मिळालेल्या जागेलाच लागू होतात. संस्थेच्या कोट्यातून पैसे भरून घेतलेल्या जागेला त्या मिळत नाहीत. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, रहिवासी दाखला ही कागदे निकालाआधीच तहसीलमधून काढून ठेवावीत.

तिसरी गोष्ट, घराजवळचे बरे कॉलेज दूरच्या साधारण कॉलेजापेक्षा चांगले. जे वाचेल ते मुलाच्या लॅपटॉपला आणि शिक्षणाला लागते. दहावीनंतर शासकीय तंत्रनिकेतनात डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षात जाण्याचा रस्ताही कमी खर्चाचा आहे.

कॉलेजात काय विचारावे?

बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो. कॉलेज घेताना मात्र रंगीत जाहिरात पाहून पैसे भरतो. भिंतीवर हार घातलेल्या एका मुलाचा फोटो आणि खाली मोठा पगार लिहिलेला असतो. त्याच्याकडे पाहू नये. गेल्या वर्षी या शाखेत किती मुले शिकून बाहेर पडली, त्यांतील किती जणांना नोकरी लागली, आणि रांगेत मध्यावर उभ्या असलेल्या मुलाला किती पगार मिळाला, हे तीन प्रश्न विचारावेत. नुसते पत्र मिळाले की मुलगा प्रत्यक्ष रुजू झाला, हेही विचारावे. आपल्या गावचा किंवा सोयऱ्यांचा कोणी मुलगा तेथे शिकत असेल तर त्याला गाठावे. मास्तर वर्गावर येतात का, आणि प्रयोगशाळेतले कॉम्प्युटर चालतात का, हे त्याच्याइतके खरे कोणी सांगणार नाही.

मुलामुलींनी काय करावे?

चार वर्षे नुसती परीक्षा देऊन चालणार नाही. एक भाषा, मग ती पायथन असो की जावा, हाडीमासी मुरेल इतकी शिकावी. दहा भाषांची तोंडओळख म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या. गणिताकडे दुर्लक्ष करू नये. एआयची मदत जरूर घ्यावी, पण त्याने दिलेली प्रत्येक ओळ आपल्याला समजते का हे पाहावे. आयटीआयमध्ये मोटर खोलून पुन्हा बसवता आल्याशिवाय कारागीर होत नाही, तसेच हे आहे.

काहीतरी स्वतः करून दाखवावे. गावातल्या दूध डेअरीचा हिशेब, जिनिंगमधल्या गाड्यांची नोंद, शेतकरी गटाच्या अवजारांचे भाडे, असे एखादे खरे काम घेऊन त्याचा प्रोग्राम करावा. मुलाखतीत असे काम दाखवणारा मुलगा वेगळा उठून दिसतो. आयआयटीच्या प्राध्यापकांचे पाठ एनपीटीईएल आणि स्वयम् यांवर फुकट पाहायला मिळतात. परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवे असेल तरच फी भरावी लागते.

इंग्रजीची भीती धरू नये. दर्यापूर-तेल्हाऱ्याकडच्या मुलाला विषय येतो, पण बोलताना तो दबतो. रोज पंधरा मिनिटे मोठ्याने वाचावे, मित्रांत बोलावे. चुका होतात त्या होऊ द्याव्यात.

फसवणुकीपासून सावध

जेथे आशा असते तेथे लुबाडणारेही असतात. "पन्नास हजार भरा, कंपनीत चिकटवून देतो," असे म्हणणाऱ्याला एक पैसाही देऊ नये. मोठ्या कंपन्या नोकरीसाठी उमेदवाराकडून पैसे घेत नाहीत, हे त्या स्वतःच जाहीर करतात. 'शंभर टक्के नोकरी'ची हमी देणारे क्लास पुण्यात गल्लोगल्ली आहेत. आधी काय शिकवतात ते पाहावे, लेखी घ्यावे, आणि सगळी फी एकदम भरू नये. अनुभवाचे खोटे दाखले तर कधीच घेऊ नयेत. कंपन्या नंतर कसून चौकशी करतात, आणि खोटे उघडे पडले की नोकरीही जाते आणि नावही.

नोकरी गेली तर

शेवटची गोष्ट घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी आहे. नोकरी लागली नाही किंवा सुटली तर कित्येक मुले घरी सांगत नाहीत. महिनोन्‌महिने पुण्यातच खोलीवर राहतात, उसने घेऊन दिवस काढतात, आणि फोनवर "बरं चालू हाय, बाबा" म्हणतात. गावात हसे होईल, सोयरीक मोडेल, बापाला काय वाटेल, अशी भीती त्यांच्या मनात असते.

कपाशीवर बोंडअळी आली तर आपण शेतकऱ्याला आळशी म्हणत नाही. कंपनीने हजारो माणसे एकदम कमी केली, तर त्यात एकट्या मुलाचा दोष कसा? फोनवर पगार विचारण्याआधी जेवला का, हे विचारावे. "नाही जमलं तर घरी ये, चार महिने बस, पुन्हा तयारी कर," हे एक वाक्य आईबापांनी वेळीच बोलून ठेवावे. वावर शिल्लक असेल तर हे वाक्य म्हणायला बळ येते. ते विकू नये असे वर सांगितले, त्याचे हेही एक कारण आहे.

तात्पर्य, पोराला किंवा पोरीला या विषयाची खरी आवड असेल, गणित जमत असेल, आणि अंथरूण पाहून पाय पसरले असतील, तर कॉम्प्युटरला अवश्य घालावे. शेजाऱ्याचा गेला म्हणून आपलाही गेला पाहिजे, एवढ्याच कारणाने घालू नये. प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी एका संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसावे, कागद-पेन्सिल घ्यावी, वर दिलेला हिशेब आपल्या घरच्या आकड्यांनी मांडावा आणि पोराला काय वाटते तेही त्याला विचारावे.